खोका मिळाला का?

व्याही,

तुमच्या तेराव्याला पहिली पंगत बसली आणि लाईट गेली. पंखे थांबले, मोटर बंद पडली, हात धुवायलासुद्धा पाणी नाही. घोलवडची सगळी भावकी घामाने निथळत पानावर बसलेली. तेवढ्यात तुमचा भाचा मोठ्याने बोलला, "मामा असता तर काय बोल्ला असता?" आणि अख्खी पंगत एका सुरात म्हणाली, "काय वांधो नाय!" बायका पदराने डोळे पुसत हसत होत्या. मी हसलो नाही. मी निलेशकडे बघत होतो. तुमचा मुलगा, माझा जावई. तो मनापासून हसतोय की चारचौघांत दात दाखवतोय, हे मला बघायचं होतं.

खोड आहे माझी, तुम्हाला ठाऊकच आहे. नोकरीभर मी एस.टी.ची तिकिटं तपासली. डहाणूहून तलासरी, तलासरीहून उधवा, मधेच आडरस्त्यावर बस थांबवायची, चढायचं आणि आधी चेहरे बघायचे. घाबरून खिसे चाचपणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा तिकीट असतं. खिडकीबाहेर बघत शांत बसलेला असतो ना, त्याच्याकडे पहिल्यांदा जायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, अनुभवाने कळलं. आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला सासरा कोण मिळाला? तर तुम्ही. ताडाचं झाड अंगावर पडलं तरी "सावलीला पडला, बरा झाला" म्हणणारे दामूभाई.

मी तुमच्यावर सुरुवातीपासून नजर ठेवली होती. आता हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही, कारण तुम्हाला ते माहीत होतं. मला काय माहीत नव्हतं, ते मात्र मी तुम्ही गेल्यावरच ऐकलं. त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

पण आधी लग्नाचं बोलू. तो विषय आपण दोघांनी इतकी वर्षं टाळला. तुम्ही का टाळलात ते मी आपल्या परीने ताडलं होतं, आणि चुकीचं ताडलं होतं असंही आता म्हणवत नाही.

आमच्या मसोलीचा हॉल. आचारी नवा, वाढपी नवे, मला एकाचाही भरवसा नव्हता. श्रीखंडाचे डबे बर्फात घालून मागच्या खोलीत ठेवले आणि खोलीला मी माझं स्वतःचं कुलूप लावलं. बाजारात दहा दुकानं फिरून घेतलेलं पितळी कुलूप. किल्ली कुणाला दिली नाही, स्वतःच्या बायकोला, सुमनलाही नाही. ती माझ्या शर्टाच्या खिशात. मग भटजींनी कन्यादानाला सोवळं नेसायला सांगितलं. मी शर्ट काढून पिशवीत ठेवला. पिशवी मेहुण्याच्या जीपमध्ये. आणि मेहुणा, कुणी न सांगता, आमच्या म्हाताऱ्या आत्याला आणायला तलासरीला निघून गेला. त्याचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला. शर्ट तलासरीला, किल्ली शर्टात, श्रीखंड खोलीत आणि तुमची दोन गाड्या भरून आलेली माणसं पानावर.

पोरांनी कुलपावर दगड घातले. कुलूप ढिम्म हललं नाही. हॉलवाला दरवाज्याला हात लावू देईना. तुमचे थोरले मेव्हणे पानावरून ओरडले, "अरे, लग्नाचा जेवण आणि गोड नाय?" मंडपात रूपाली हळदीच्या हातांनी माझ्याकडे बघत होती. ह्या एका जेवणाचे टोमणे तिला जन्मभर ऐकावे लागणार, एवढंच मला कळत होतं.

तुम्ही उठलात. मेव्हण्यांच्या खांद्यावर हात ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "वरण गरम हाय. आधी ता खावा. गोड उद्या माझ्या घरी." मग सगळे जेवले. शेवटची पंगत उठत होती तेव्हा तुम्ही मागच्या खोलीपाशी आलात, कुलूप हातात घेऊन उलटसुलट बघितलंत आणि मला विचारलंत, "कुलूप चांगला हाय, व्याही. कुठून घेतला?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात किती वर्षं ठाण मांडून बसला! टोमणा होता का? तोंडावर तर काही दिसत नव्हतं. मी दुकानाचं नाव सांगितलं. पुढे महिन्याभराने तुमच्या वाडीत आलो तर चिकूच्या शेडला तसंच कुलूप. तंतोतंत तेच. सुमन म्हणाली, "बघा, तुमची निवड आवडली त्यांना." मी म्हटलं, "रोज सकाळी रूपालीच्या डोळ्यांसमोर ते कुलूप उघडणार आहेत ते." तिने कपाळाला हात लावला.

माझी भीती साधी होती. जो माणूस माझ्यावर रागावत नाही, त्याचा राग कुठेतरी साठत असणार. आणि साठलेल्या रागाला माझ्यापर्यंत यायला मसोलीपर्यंतचा रस्ता आहे. रूपाली तर घरातच आहे. तुमचं शांत तोंड बघितलं की मला मुलीची काळजी वाटायची. हसा, पण एवढंच होतं.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी खोका आला. खचाखच भरलेला चिकूचा खोका, वर कागद, वर पट्टी. शेअर रिक्षावाला दारात ठेवून गेला. त्याच्या मागोमाग तुमचा फोन. "खोका मिळाला का?"

मी म्हटलं, "मिळाला. बघतो."

तुमची आणि माझी फोनवरची भाषा ही एवढीच राहिली. खोका मिळाला का, मिळाला, बघतो. कधी "गोड निघाले" म्हणालो नाही. बघतो म्हणायचो आणि खरोखर बघायचो. चिकूचा खोका कसा भरतात हे डहाणूत सगळ्यांना ठाऊक आहे: लहान माल तळाला, मोठा वर. पट्टी काढली की मोठं फळ दिसलं पाहिजे, म्हणजे घेणारा खूश. म्हणून मी खोका नेहमी पालथा घालतो आणि तळाकडून फाडतो. साखरपुड्याच्या आधी तुम्ही स्वतः पहिला खोका घेऊन आला होतात तेव्हा तुमच्यासमोरच पालथा घातला होता. सुमन लाजेने आत निघून गेली होती. तुम्ही पाणी पीत नुसतं बघत होतात.

पण लग्नानंतरच्या ह्या खोक्यात तळाशीच मोठी फळं निघाली. एकसारखी, मुठीत न मावणारी. आणि मधला कागद उचलून पुढे गेलो तर वरच्या थरात लहान. असा कोण भरतो? मी दोन दिवस विचार केला. रिक्षावाल्याने वरची चोरू नयेत म्हणून? की वाडीतल्या मजुरांना कळू नये म्हणून? सुमन म्हणाली, "अहो, खा ना." मी खाल्ली. गोड होती, म्हणजे त्यात काही डावपेच नव्हता असं काही सिद्ध होत नव्हतं.

पुढे मला एक गोष्ट दिसायला लागली आणि तिने माझी झोप उडवली. तुमचा खोका सणावाराला यायचा नाही. काहीतरी बिनसलं की यायचा. निलेशच्या नोकरीचं फिस्कटलं, दोन दिवसांनी खोका. बारशाच्या दिवशी पाळणा भाड्याने देणारा आलाच नाही आणि बाळाला साडीच्या झोळीत घातलं, दुसऱ्या दिवशी खोका. मी सुमनला म्हटलं, "हे तोंड बंद ठेवायला आहे. तिकडे घरात काहीतरी होतं आणि इकडे चिकू येतात."

म्हणून मी अचानक यायला लागलो. तुम्हाला काय, तुम्ही "या या, व्याही" म्हणून खुर्ची पुसायचात. त्या एका दुपारी आलो तेव्हा शेडमध्ये तोडलेल्या चिकूंचा ढीग पडला होता. मुंबईचा टेम्पो येणार होता, आला नाही, आणि माल घेणाऱ्याने फोन बंद करून ठेवला होता. तोडलेला चिकू काही कुणासाठी थांबत नाही. तुम्ही लाकडी पाटावर बसून चकत्या कापत होतात. रूपाली त्या जाळीवर पसरत होती, तिची पोर शेजारी बसून खात होती.

"टेम्पो नाय आला," तुम्ही म्हणालात. "बरा झाला. ही रूपाली कधीची मागं लागलेली, पप्पा, चकत्या करू, चकत्या करू. फळ कुठं उरत होता?"

मी रूपालीला विहिरीकडे नेलं. तिच्या हातांकडे बघितलं, डोळ्यांखाली बघितलं. "खरं सांग," म्हटलं, "मागून काही बोलतात का? आदळआपट? तुला काही?"

"बाबा, चेकिंगला आलात का तुम्ही?"

"विचारलं तेवढं सांग."

"नाही हो. काही नाही." आणि मग नजर दुसरीकडे वळवून म्हणाली, "पप्पांची पद्धत वेगळी आहे."

कसली पद्धत? ती सांगेना. आणि तुम्ही शेडमधून हाक मारलीत, "व्याही, च्या झाली!" चहा पिऊन मी परत मसोलीला आलो. तिसऱ्या दिवशी खोका आला. मोठी फळं तळाला.

मी तुम्हाला विचारलं नाही असं नाही. ह्या चैत्रात विचारलं. महालक्ष्मीच्या जत्रेला आपण दोघंच तुमच्या स्कूटरवरून निघालो होतो. आशागडच्या पुढे टायर बसलं. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. मी चिडून घड्याळाकडे बघत होतो, आता दर्शनाची रांग किती वाढली असेल ते मोजत. तुम्ही पंक्चरवाल्याकडे स्कूटर लावलीत आणि रस्त्याच्या कडेला ताडगोळे घेऊन बसलेल्या बाईसमोर उकिडवे बसलात. "बगा, व्याही. दहा पावलां पुढं पंक्चर झाला असता तर ही बाय भेटली नसती."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दामूभाई, खरं सांगा. तुम्हाला राग येतच नाही का?"

"येतो ना. तुमच्यापेक्षा जास्ती येतो."

"मग जातो कुठे?"

तुम्ही ताडगोळ्याची साल नखाने सोलत होतात, सावकाश, पाणी न सांडता. "ता बोलीन कधीतरी," म्हणालात. "आधी ह्यो खावा." मी ताडगोळा खाल्ला. मग तुम्हीच मला उलट विचारलंत, डोळे बारीक करून. "तुम्ही माझ्यावर अजून नजर ठेवता ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"ठेवा. पोरगी दिली तर ठेवायलाच पायजे. मी पण ठेवली असती."

तेवढ्यात पंक्चरवाल्याने हाक मारली. देवीपर्यंत आपण पोचलोच नाही. उशीर झाला म्हणून मी परत फिरायला लावलं. तुम्ही कुरकुर केली नाहीत, देवळाच्या दिशेने हात जोडलेत आणि किक मारलीत. येताना स्कूटरवर मी तुमच्या पाठीकडे बघत होतो. राग येतो म्हणालात. म्हणजे आहे. मग कुठे आहे? पुढच्या भेटीत विचारायचं ठरवलं होतं.

पुढची भेट म्हणजे तुमच्या अंगणात लोक जमलेले आणि तुम्ही चटईवर. झोपेत गेलात म्हणे. इतकं गुपचूप, कुणाला त्रास न देता. माझा विश्वास बसेना. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं, नक्की ना? रूपाली माझ्यावर ओरडली, सगळ्यांसमोर. "बाबा, आता तरी पुरे!" तिचं बरोबर होतं. पण मी काही तुमच्यावर संशय घेत नव्हतो, व्याही. मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की चूक झाली, उठताहेत.

स्मशानात मी रडलो नाही. घरी आल्यावर सुमन तांदळाच्या डब्यात हात घालून शेवटच्या खोक्यातले पिकायला ठेवलेले चिकू चाचपत होती, तेव्हा रडलो.

आता परवाचं सांगतो.

तेराव्यानंतर काही दिवस गेले आणि दारात खोका आला. फोन वाजेल असं वाटलं. वाजला नाही. मी खोका आत आणला, पालथा घातला, तळाची पट्टी कापली. बोराएवढी नाहीत, पण लहान फळं. सगळी लहान. सरळ केला, वरून उघडला. वर मोठी. बाजारात भरतात तसा, अगदी नियमाप्रमाणे भरलेला खोका.

मी रूपालीला फोन लावला. "खोका कुणी भरला?"

"मी भरला. का? खराब निघाले का?"

"तुझे सासरे असा भरायचे नाहीत."

पलीकडे तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं. "अरे देवा, विसरलेच मी," म्हणाली. "तुमचा उलटा भरायचा असतो. बाकी सगळ्यांचे सरळ, फक्त तुमचा उलटा. पप्पा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत तुमच्या खोक्याला. म्हणायचे, माझा व्याही तळाकडून उघडतो, त्याला उघडल्या उघडल्या मोठा फळ दिसला पायजे."

मी खाली बसलो. सुमनने विचारलं काय झालं, मी हाताने गप्प राहा म्हटलं.

"आणि काही बिनसलं की लगेच खोका का यायचा?" मी विचारलं. "तेही सांगून टाक आता. पद्धत वेगळी, पद्धत वेगळी म्हणत होतीस ती कसली?"

"तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्यांनी," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायलाच लागली. "बाबा, पप्पांना भयंकर राग यायचा. कुणाला माहीतच नाही. बाहेर वांधो नाय म्हणून यायचे आणि तडक शेडमध्ये. दार लोटून घ्यायचे. रिकामा खोका पुढ्यात घ्यायचा आणि एकेक फळ पुसून लावायचं. आणि शिव्या. अशा शिव्या, बाबा! मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा घाबरून पळाले होते. तळाचा थर लागेपर्यंत शिव्या. मग हळूहळू कमी व्हायच्या. मधला कागद घालेपर्यंत नुसतं पुटपुटणं. वरचा थर लावताना पोरीला हाक मारायचे, बघ गो, ह्यो केवढा गुळगुळीत हाय. पट्टी लावून बाहेर आले की झालं. मग खरोखरच काही वांधा नसायचा."

"आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी?"

"विचारू नका."

"रूपाली."

"तुम्हाला, बाबा. तुम्हालाच. आणि त्या कुलपाला. सासूबाई सांगतात, एवढ्या शिव्या त्यांनी आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या."

व्याही, मी हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. सुमनला वाटलं मला काहीतरी झालं. पण मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मला ठाऊक होतं. मी सांगतच होतो सगळ्यांना, असा माणूस नसतो, कुठेतरी राग असणार. होता! माझा अंदाज खरा ठरला. मुलीच्या वाट्याला मात्र त्यातला शब्दही गेला नाही. शेडमध्ये दार लोटून तो सगळा खोक्यात जात होता, आणि खोका माझ्याकडे येत होता. ज्याचा त्याला.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या खोक्याकडे बघत राहिलो. मला शिव्या घालत होतात ना? घातल्याच पाहिजेत, श्रीखंड गेलं होतं. पण शिव्या घालता घालता हात काय करत होते तुमचे? मोठी फळं निवडत होते. पुसत होते. आणि मी संशयाने जिथे आधी बघणार, नेमकी तिथे लावत होते. मला संशय सोडा म्हणून तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. इतकी माणसं मला म्हणाली, बायको म्हणाली, मुलगी म्हणाली.

तरी एक शंका उरलीच. ते कुलूप. ते टोमणा म्हणून लावलं होतंत की खरंच आवडलं होतं? रूपालीला विचारलं तर म्हणते, दोन्ही असेल. हे तुम्हीच सांगू शकला असतात आणि आता ते राहिलं.

रूपालीने विचारलं, पुढचा खोका तुमच्यासाठी उलटा भरू का? मी नको म्हटलं. तुझ्या सासऱ्याचं तुझ्या सासऱ्याकडे राहू दे. तू भरशील तसा मी उघडेन. ती म्हणाली, "बघू, किती दिवस टिकतं ते." मुलगी माझीच आहे.

संध्याकाळी सुमनने फळं तांदळात घातली. दोन पिकलेली होती, ती कापली. आम्ही दोघं ओटीवर बसून खात होतो. मसोलीचा रस्ता नेहमीसारखा गजबजलेला होता, रिक्षा घोलवडकडे चालल्या होत्या. फोन शेजारीच होता. मी तो दोनदा उचलून बघितला, उगीचच. एवढी वर्षं तुम्ही विचारत होतात आणि मी अर्धंच उत्तर देत होतो.

मिळाला, व्याही. बघितला.